मोहावीवरचं ॲपर्चर : प्रकल्पाच्या नोंदी

४ जानेवारी २०२५

प्रकल्प नेमका काय आहे ते आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या नोंदी भरकटणार नाहीत. माझ्याकडे एका मॅक मिनीवर मोहावी, म्हणजे मॅकओएस १०.१४ आहे आणि त्यावर ॲपर्चर ३.६, ॲपलचं फोटो सांभाळण्याचं आणि संपादनाचं सॉफ्टवेअर. कॅनन ५डी मार्क २ ने काढलेले जवळजवळ सगळे फोटो ॲपर्चरच्या लायब्ररीत आहेत. निवड, तारे, कीवर्ड, संपादन, सगळं तिथेच. फोटोंचं काम मला याच यंत्रावर चालू ठेवायचं आहे. नवा लॅपटॉप आहेच. ईमेल, ब्राउझर, बँकेची कामं त्यावर होतात. पण फोटोंसाठी जुनंच ठेवायचं ठरवलं आहे, आणि ठेवायचं तर ते नशिबाच्या भरवशावर ठेवायचं नाही. कुठला भाग दगा देऊ शकतो, दिला तर काय करायचं आणि एक दिवस इथून बाहेर कसं पडायचं, हे सगळं आत्ताच मार्गी लावायचं.

पार्श्वभूमी थोडक्यात. ॲपर्चर आलं २००५ मध्ये, तिसरी आवृत्ती २०१० च्या फेब्रुवारीत. जून २०१४ मध्ये ॲपलने त्याचा विकास थांबवत असल्याचं जाहीर केलं. एप्रिल २०१५ मध्ये फोटोज ॲप आलं आणि ॲपर्चरची विक्री बंद झाली. तरी मोहावीपर्यंत ते व्यवस्थित चालत राहिलं. ७ ऑक्टोबर २०१९ ला मॅकओएसची पुढची आवृत्ती, कॅटालिना, आली आणि तिथे रस्ता संपला. याचं कारण ३२ बिट, असं बऱ्याचदा सांगितलं जातं. कॅटालिनाने ३२ बिट ॲप बंद केली हे खरं, पण ॲपर्चर ३.६ स्वतः ६४ बिट आहे. ते सिस्टीमच्या ज्या जुन्या फ्रेमवर्कांवर (तयार कोडच्या संचांवर) उभं होतं, ती काढली गेली म्हणून ते चालत नाही. ‘६४ बिट आहे ना, मग नव्यावरही चालेल’ हा हिशेब इथे लागू पडत नाही. मोहावी ही शेवटची हद्द.

११ जानेवारी

आज एकच फोटो घेऊन बसले. पावसाने भिजलेली दगडी भिंत आणि तिच्या भेगेतून वर आलेलं एक रोपटं. मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्याची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) रंगीत, संपादन कृष्णधवल. कर्व्ह, म्हणजे उजेड-अंधाराचा तोल बदलणारी रेषा, सावल्यांकडे थोडा खाली ओढलेला. डावीकडचे दगड बर्न ब्रशने गडद केलेले, पानांच्या कडा डॉज ब्रशने जेमतेम उजळलेल्या. ब्रश फिरवताना कडा ओळखण्याची सोय चालू ठेवली होती, त्यामुळे फटकारा पानाच्या रेषेवर बरोबर थांबतो आणि मागचा ओला दगड काळाच राहतो. या फोटोचा जीव त्या कडेत आहे.

हाच फोटो तीन ठिकाणी उघडून पाहिला. ॲपर्चरमध्ये सगळं जिथल्या तिथे: ब्रशचा थर डोळ्यांसमोर आणता येतो, एखादा फटकारा नको असेल तर तेवढाच पुसता येतो. लायब्ररीची प्रत फोटोजमध्ये नेली तर चित्र दिसायला तसंच राहतं, पण ब्रशचे फटकारे सुटे हाताला लागत नाहीत. दिलेले तारे आणि रंगांची लेबलं कीवर्ड होऊन बसतात. लाइटरूममध्ये, म्हणजे तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ॲपर्चरची लायब्ररी आत घेण्याची सोय ॲडोबीने २०१४ मध्ये दिली. तिने अल्बम येतात, कीवर्ड येतात, तारेही येतात. संपादन मात्र येत नाही. हवं तर संपादित फोटोचा पूर्ण आकाराचा जेपेग प्रिव्ह्यू सोबत आणता येतो. म्हणजे एकीकडे कोरी, रंगीत रॉ फाइल आणि तिच्या शेजारी गोठलेलं जेपेग.

सगळा प्रकल्प इथे आहे. ॲपर्चर मूळ फाइलला हात लावत नाही. काय करायचं याच्या सूचना लिहून ठेवतं आणि दर वेळी त्या वाचून चित्र नव्याने घडवतं. वहीत नोटेशन लिहिलेलं असलं म्हणून गाणं ऐकू येत नाही, त्याला गळा लागतो. माझ्या सूचनांना आवाज देणारा गळा एकच आहे, आणि तो मोहावीच्या पुढे जात नाही. म्हणून मोहावी.

१२ जानेवारी

भाचा आला होता. तो सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून त्याच्यासमोर लायब्ररीच्या प्रतीवर उजवी क्लिक करून आतला मजकूर उघडला. लायब्ररी बाहेरून एकसंध फाइल दिसते, पण प्रत्यक्षात ते फोल्डर आहे. आत मास्टर्स, प्रिव्ह्यूज, थंबनेल्स, डेटाबेस. डेटाबेसमध्ये एसक्यूलाइटच्या फाइली आणि तारीखवार लावलेल्या फोल्डरांमध्ये प्रत्येक आवृत्तीची स्वतःची लहानशी फाइल. त्याने भिंतीच्या फोटोची फाइल उघडली. कॅमेऱ्याचं नाव, तारीख, कीवर्ड वाचता आले. संपादनाच्या जागी मात्र बायनरी मजकूर.

“मावशी, मूळ फोटो आणि कीवर्ड कधीही काढता येतील. पण हा भाग ॲपर्चरशिवाय कुणाला कळणार नाही.”

मग पुढे विचारलं, “आणि हे यंत्रच बंद पडलं तर?”

त्याचं उत्तर या प्रकल्पाला द्यायचं आहे.

१८ जानेवारी

यंत्राबद्दल. हा २०१२ च्या अखेरीचा मॅक मिनी, आणि मुद्दाम हाच. मोहावीला मेटल, म्हणजे ॲपलची ग्राफिक्स चालवण्याची पद्धत, जमणारं ग्राफिक्स लागतं. या मिनीतलं इंटेल एचडी ४००० ते करतं. रॅमच्या दोन पट्ट्या हाताने बदलता येतात, १६ जीबीपर्यंत. डिस्क साधी अडीच इंची साटा, म्हणजे खराब झाली तर कुठलीही एसएसडी बसते. पुढच्याच, २०१४ च्या मिनीत रॅम बोर्डावर पक्की जोडलेली आहे. २०१८ चा मिनीही मोहावी चालवतो आणि वेगाने बराच पुढे आहे. पण त्यात साठवण बोर्डावरच आहे आणि टी२ ही सुरक्षेची चिप आहे. बाहेरच्या डिस्कवरून सुरू करायचं तर आधी सुरक्षेच्या सेटिंगमध्ये जाऊन परवानगी द्यावी लागते. आणि बोर्ड गेला की त्यावरचा डेटाही गेला. मला वेगापेक्षा दुरुस्ती जास्त मोलाची वाटते. २१ मेगापिक्सेलच्या फाइलींना हा मिनी पुरतो.

नंतर आलेल्या यंत्राचा काही उपयोग नाही, कारण मॅक ज्या आवृत्तीसह आला तिच्याहून जुनी सिस्टीम त्यावर चालत नाही. कॅटालिनासोबत आलेला कुठलाही मॅक या कामातून आपोआप बाद.

व्हर्च्युअल मशीनचाही, म्हणजे एका संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने दुसरा संगणक चालवण्याचाही, विचार केला. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर व्हर्च्युअल मॅकओएस फक्त १२ पासून पुढचे चालतात, मोहावी नाही. इंटेल मॅकवर मोहावी व्हर्च्युअल चालते, पण ग्राफिक्सचा खरा जोर आत पोचत नाही, आणि ॲपर्चरचं सगळं काम कोअर इमेज या सिस्टीमच्या चित्र घडवणाऱ्या भागामार्फत ग्राफिक्सवर होतं. तिथे स्लायडर ओढला की चित्र मागून रेंगाळत येतं. डोळा आणि हात एका वेळी चालले नाहीत तर टोन ठरवता येत नाही. हा मार्ग सोडला.

ॲपर्चरमध्येच फेरफार करून ते नव्या सिस्टीमवर चालवणारं एक बाहेरचं साधनही आहे. अडीअडचणीला लायब्ररी उघडून पाहायला ते ठीक. रोजचं काम त्याच्या भरवशावर टाकणार नाही.

२५ जानेवारी

एसएसडी बदलली. टर्मिनलमधून ट्रिम (पुसलेली जागा एसएसडीला कळवणारी सोय) चालू केलं. बाहेरून घेतलेल्या एसएसडीला मॅक ते आपणहून लावत नाही. धूळ साफ केली, पंखा आता शांत आहे.

मोहावीचा इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर करून ठेवला. यात एक मेख आहे, ती ठळक लिहून ठेवते. ॲपलच्या जुन्या इन्स्टॉलरांवर सहीचं जे प्रमाणपत्र होतं, त्याची मुदत २४ ऑक्टोबर २०१९ ला संपली. त्याआधी उतरवून ठेवलेला इन्स्टॉलर आता चालवला तर ‘ही प्रत खराब झाली आहे’ असा संदेश येतो. प्रत धडधाकट असते, फक्त सही शिळी झालेली असते. ॲपलकडून इन्स्टॉलर पुन्हा उतरवला तर सही नवी मिळते. नेट नसेल तर संगणकाची तारीख मागे नेली की तोच जुना इन्स्टॉलर चालतो. सात-आठ वर्षांनी हा पेनड्राइव्ह हातात घेईन तेव्हा हे आठवणार नाही, म्हणून कागदावर लिहून पेनड्राइव्हलाच बांधून ठेवलं.

ॲपर्चर एकदा उघडलं, साइन-इनचा प्रश्न आला तो सोडवला, बंद करून पुन्हा उघडून पाहिलं. हे नेट तोडण्याआधीच व्हायला हवं.

१ फेब्रुवारी

आज नेट तोडलं. नुसतं वायफाय बंद केलं नाही; नेटवर्कच्या सेटिंगमधून वायफाय, इथरनेट आणि ब्लूटूथच्या नोंदीच काढून टाकल्या. कीबोर्ड आणि माउस वायरचे.

मोहावीला शेवटचं सुरक्षा अपडेट २०२१ च्या जुलैत मिळालं. जुनी सिस्टीम वापरणाऱ्यांमध्ये एक समज असतो की मी फक्त फोटो उघडते, मला काय होणार. फोटो उघडणं हीच तर जोखमीची जागा आहे. चित्राची फाइल उलगडणारा कोड गुंतागुंतीचा असतो आणि त्यातली चूक वापरून आत शिरता येतं. १३ सप्टेंबर २०२१ ला ॲपलने असंच एक भोक बुजवलं. टोरोंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने ते शोधलं होतं: नावापुढे जीआयएफ लावलेली फाइल, आत प्रत्यक्षात पीडीएफ, आणि कोअरग्राफिक्स या चित्रं उलगडणाऱ्या भागातली चूक वापरून थेट आत प्रवेश. आयफोन आणि मॅकओएसच्या नव्या आवृत्त्या, बिग सर आणि कॅटालिना, यांना त्याच दिवशी दुरुस्ती मिळाली. मोहावी त्या यादीत नव्हतं. म्हणजे मोहावीचा पाठिंबा संपून दोन महिनेही झाले नव्हते, तोवर चित्रांच्याच वाटेने येणारी एक उघडी खिडकी कायमची राहून गेली.

त्यामुळे नियम कडक. या यंत्रात फक्त माझ्या कॅमेऱ्याच्या कार्डावरच्या आणि माझ्याच जुन्या डिस्कांवरच्या फाइली येतील. कुणी पाठवलेला फोटो, नेटवरून उतरवलेलं चित्र, पीडीएफ, काहीही नाही. ब्राउझर डॉकमधूनच काढला. तयार झालेलं काम एका ठरलेल्या डिस्कवरून लॅपटॉपकडे जातं. परतीच्या वाटेला ती डिस्क लॅपटॉपवर पूर्ण पुसून रिकामी येते.

ही शिस्त जमत नसेल त्याने जुनी सिस्टीम ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नेट गेल्याचा एक फायदा कामात लगेच जाणवला. मध्येच वर सरकून येणाऱ्या सूचना नाहीत, रात्रीतून बदललेलं बटण नाही. काल जिथे स्लायडर होता तिथेच आज आहे.

८ फेब्रुवारी

सर्वात जुने फोटो ॲपर्चर २ च्या काळातले. ते उघडले की संपादनाच्या पट्टीत वर ‘रीप्रोसेस’ बटण दिसतं. रॉ फाइल उलगडण्याची ॲपलची पद्धत आवृत्तीगणिक बदलत गेली, पण ॲपर्चर जुन्या फोटोला त्याची जुनी पद्धत सोडायला लावत नाही. आपण बटण दाबेपर्यंत तो जुन्याच पद्धतीने उलगडतो. या एका गोष्टीसाठी मला हे सॉफ्टवेअर अतिशय आवडतं. बनवणाऱ्यांना कळलं होतं की जुनं संपादन जुन्या पायावर उभं असतं.

भिंतीच्याच दिवशीचा एक रंगीत फोटो घेतला. आधी आवृत्तीची नक्कल केली, नकलेवर रीप्रोसेस दाबलं आणि दोन्ही शेजारी ठेवले. नव्या पद्धतीत सावल्यांतला कणीदारपणा कमी, दगडांच्या कडा नेटक्या. पण ओल्या भागातली काळी खोली उथळ झाली, कारण माझा कर्व्ह जुन्या सावल्या बघून वाकवलेला. नव्या उलगड्याला तो कर्व्ह बसत नाही.

ठरलं: पूर्ण झालेल्या फोटोंवर हे बटण दाबायचं नाही. जे पुन्हा हाती घेणार आहे त्यांचीच नक्कल करून दाबायचं.

हे तपासताना एक चांगली गोष्ट पुढे आली. सिल्व्हर एफेक्ससारख्या प्लगइनमधून, म्हणजे ॲपर्चरला जोडलेल्या बाहेरच्या सॉफ्टवेअरमधून, गेलेले फोटो वेगळ्या वर्गात येतात. ॲपर्चर प्लगइनकडे फोटो पाठवताना त्याची टिफ किंवा पीएसडी प्रत करतं आणि प्लगइनचं काम त्या प्रतीत कायमचं उतरतं. म्हणजे ती संपादनं आधीच ॲपर्चरच्या बाहेर जगू शकतात. काळजी करण्याचा ढीग तेवढ्याने हलका झाला.

१५ फेब्रुवारी

मूळ फाइली लायब्ररीतून बाहेर काढायला सुरुवात. ‘रीलोकेट ओरिजिनल्स’ या आज्ञेने ॲपर्चर त्या साध्या, तारीखवार फोल्डरांमध्ये हलवतं आणि स्वतःकडे फक्त पत्ता ठेवतं. आता लायब्ररी कोसळली तरी रॉ फाइली फाइंडरमध्ये डोळ्यांना दिसतात आणि कुठलाही संगणक त्या वाचू शकतो.

याची दुसरी बाजू विसरायची नाही. ॲपर्चरचा स्वतःचा बॅकअप, म्हणजे व्हॉल्ट, फक्त लायब्ररीच्या आतलं सांभाळतो. बाहेर ठेवलेल्या मूळ फाइली त्यात जात नाहीत. व्हॉल्ट हिरवा दिसतो म्हणून निर्धास्त राहिलं तर रॉ फाइलींची एकच प्रत आहे हे डिस्क गेल्यावरच कळेल. त्यामुळे मूळ फाइलींचा बॅकअप वेगळा, दोन डिस्कांवर, आणि एक डिस्क घराबाहेर.

या डिस्का एपीएफएस या ॲपलच्या नव्या फॉरमॅटमध्ये नाही, मॅक ओएस एक्स्टेंडेड जर्नल्डमध्ये फॉरमॅट केल्या. एपीएफएस एसएसडीसाठी घडवलेलं आहे. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर ते काही दिवसांनी जड पडतं. जुना फॉरमॅट नवे मॅकही वाचतात. एक्सफॅटला जर्नल, म्हणजे बदलांची आगाऊ नोंद, नाही, वायर मध्येच निघाली तर फाइलींची यादी बिघडू शकते, म्हणून ते कायमच्या साठवणीला नको.

१ मार्च

क्लोन. चालू सिस्टीमची हुबेहूब प्रत बाहेरच्या एसएसडीवर घेतली आणि ऑप्शन कळ दाबून तिच्यावरून मिनी सुरू केला. ॲपर्चर उघडलं, भिंतीचा फोटो उघडला, ब्रशचा थर दिसला. एवढं पाहिल्यावरच क्लोनवर ‘तपासला’ अशी चिठ्ठी लावली. सुरू करून न पाहिलेल्या क्लोनला मी बॅकअप म्हणत नाही.

१५ मार्च

मॉनिटरचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याचे रंग मोजून नीट लावणं. मिनी एचडीएमआयने जोडला तर काही मॉनिटरांना तो टीव्ही समजतो आणि रंग त्या पद्धतीने पाठवतो. काळा रंग राखाडी होतो, मधले टोन गढूळ. त्याऐवजी ‘मिनी डिस्प्लेपोर्ट’च्या वायरने जोडला की प्रश्न सहसा मिटतो. कॅलिब्रेशन करण्याआधी हे बघायचं, नाहीतर चुकीच्या पायावर अचूक मोजमाप होत राहतं.

मोजमापासाठी डिस्प्लेकॅल वापरलं, त्याच्या पोटात आर्गिलसीएमएस हे रंग मोजणारं इंजिन आहे. मूळ डिस्प्लेकॅल पायथन २ वर लिहिलेलं, त्यामुळे ते या मोहावीवर अगदी घरच्यासारखं चालतं. पांढरा डी६५, गॅमा २.२, उजेड १०० कँडेला प्रति चौरस मीटर. बऱ्याच ठिकाणी १२० सांगतात. मला छपाईसाठी काम करायचं असतं आणि खोलीत उजेड मंद असतो, म्हणून १००. पडदा जास्त उजळ ठेवला की छापलेला फोटो हमखास काळवंडलेला येतो.

कॅलिब्रेशननंतर भिंतीचा फोटो पाहिला. बर्न केलेल्या दगडांत अजून तीन वेगळे काळे दिसतात. छान.

५ एप्रिल

बाहेर पडण्याची वाट. इथेच सगळ्यात जास्त विचार करावा लागला.

ॲपर्चरच्या सूचना दुसरं कुणी वाचणार नाही हे पक्कं. म्हणून निवडक फोटोंचं अंतिम रूप १६ बिट टिफमध्ये काढायचं. हिशेब असा: ५डी मार्क २ ची फाइल ५६१६ बाय ३७४४, म्हणजे सुमारे २ कोटी १० लाख पिक्सेल. प्रत्येकाचे तीन रंग, प्रत्येक रंगाला दोन बाइट. एका फोटोला साधारण १२६ एमबी. त्याच फोटोची रॉ फाइल २५ एमबीच्या आसपास. म्हणजे सगळी लायब्ररी टिफमध्ये काढायची म्हटली तर पाचपट जागा, आणि बहुतेक फोटो कधी कुणी उघडणारही नाही असे. ८ बिटमध्ये जागा निम्मी लागते, पण नंतर कर्व्हला जरा हात लावला की आकाशात पट्टे उमटतात. तडजोड टिफच्या खोलीत करायची नाही, संख्येत करायची.

रंगावकाश, म्हणजे फाइलीत मावणाऱ्या रंगांची व्याप्ती, प्रोफोटो आरजीबी. तो फार रुंद आहे, ८ बिटमध्ये धोकादायक, १६ बिटमध्ये ठीक. रॉ फाइलीतले गडद हिरवे आणि केशरी त्यात कापले जात नाहीत. कृष्णधवल फोटोंना याने फरक पडत नाही, तरी सगळ्यांना एकच नियम ठेवला, म्हणजे पुढे गोंधळ नको.

प्रत्येक निवडलेल्या फोटोसाठी एका फोल्डरात तीन फाइली: मूळ रॉ, तिच्या शेजारी एक्सएमपी (फोटोच्या माहितीची मजकूर-फाइल) आणि तयार टिफ. ॲपर्चर मूळ फाइल एक्सपोर्ट करताना कीवर्ड आणि मथळा एक्सएमपीत लिहून देतं. संपादन त्यात नसतं, पण कोण, काय, केव्हा हे साध्या मजकुरात राहतं. चौथ्या गोष्टीची भर मी स्वतः घातली: ज्या फोटोंचं संपादन मोलाचं आहे त्यांच्या संपादन-पट्टीचा स्क्रीनशॉट. कर्व्हचा आकार, लेव्हल्सचे आकडे, ब्रशचा थर. उद्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने पुन्हा करायचं झालं तर डोळ्यांसमोर नकाशा हवा.

निवडीचा निकष: छापलेले, कुणाला दिलेले, आणि ज्यांच्यात ब्रशचं काम आहे असे. नुसतं एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स बदललेले फोटो सोडून दिले, ते कुठेही चार मिनिटांत पुन्हा होतात. ब्रशचं काम तसं परत येत नाही. ज्या मनःस्थितीत तो हात फिरला, ती पुन्हा जमवता येत नाही.

१२ एप्रिल

एक्सपोर्ट चालू. गठ्ठा संपला की टर्मिनलमध्ये शा-२५६ ची, म्हणजे प्रत्येक फाइलच्या मजकुरावरून निघणाऱ्या आकडी ठशांची, यादी काढून त्याच फोल्डरात ठेवते. भाच्याने एका ओळीची आज्ञा लिहून दिली आहे. डिस्क बदलली की यादी पुन्हा ताडून पाहायची. एक बिटही बदलला असेल तर ती फाइल लगेच उठून दिसते.

३ मे

नव्या कॅमेऱ्याचं काय, हा प्रश्न टाळता येत नाही. रॉ फाइल वाचण्याचं काम ॲपर्चर स्वतः करत नाही, ते सिस्टीमच्या रॉ इंजिनावर सोपवतं. म्हणूनच विकास थांबल्यावरही कितीतरी वर्षं ॲपर्चर नवनवे कॅमेरे ओळखत राहिलं: ॲपर्चर तेच, खालची सिस्टीम शिकत होती. मोहावीचं शिकणं थांबलं तेव्हा ॲपर्चरचंही थांबलं. कॅननने २०१८ मध्ये ईओएस एम५० पासून सीआर३ हा नवा रॉ प्रकार आणला, आणि त्यांचे त्यानंतरचे कॅमेरे त्याच वाटेने गेले. ५डी मार्क २ ची सीआर२ फाइल इथे कायम उघडेल, नव्या कॅमेऱ्याची उघडेलच असं नाही.

रॉ फाइल लॅपटॉपवर डीएनजी (ॲडोबीचा खुला रॉ प्रकार) किंवा टिफ करून इकडे आणायची, हा मार्ग आहे. लाइटरूम ६ वापरणारे बरेच जण डीएनजीचाच आधार घेतात. ती कायमच्या परवान्याची शेवटची लाइटरूम, डिसेंबर २०१७ नंतर तिला नवे कॅमेरे कळलेच नाहीत, आणि ॲडोबीचा मोफत डीएनजी कन्व्हर्टर जुन्या आवृत्तीला समजेल असं रूप देतो. तिचा इन्स्टॉलर आणि परवान्याचा भाग ३२ बिट असल्याने ती मंडळीही मोहावीवरच थांबलेली असतात. पण मी हे करणार नाही. नव्या फोटोंचं संपादन पुन्हा ॲपर्चरच्या कुलपात का टाकायचं? ५डी मार्क २ चे फोटो इथे, नव्या कॅमेऱ्याचे लॅपटॉपवर. सरमिसळ नाही.

लॅपटॉपवर रॉथेरपी हे रॉ फाइली संपादित करण्याचं सॉफ्टवेअर घेतलं. दिसायला ॲपर्चरइतकं सुबक नाही, फोटो निवडण्याच्या कामात तर बरंच मागे. पण फोटोशेजारी ते पीपी३ नावाची फाइल ठेवतं, ती साध्या मजकुराची. नोटपॅडमध्ये उघडली तर एक्स्पोजर किती, कर्व्हचे बिंदू कुठे, सगळं वाचता येतं. जानेवारीत भाच्याने उघडून दाखवलेला तो बायनरी मजकूर आठवला आणि इथे निवड झाली.

१४ जून

दुसरा मॅक मिनी मिळाला. वापरलेला, त्याच वर्षाचा, त्याच मॉडेलचा. आत साधी डिस्क होती, ती काढून एसएसडी बसवली. मुद्दाम तेच मॉडेल, कारण कोअर इमेजचं काम ग्राफिक्सवर होतं आणि दोन्हीकडे तेच एचडी ४००० असलं की निकालात फरक पडण्याचं कारण उरत नाही. तरी मानून चालायचं नाही, मोजायचं.

मार्चमधला क्लोन ताजा करून त्यावरून दुसरा मिनी सुरू केला. भिंतीचा फोटो दोन्ही यंत्रांवर १६ बिट टिफमध्ये काढला. दोन्ही टिफ लॅपटॉपवर गिंप २.१० या चित्र-संपादकात एकावर एक थर म्हणून ठेवल्या आणि वरच्या थराला ‘डिफरन्स’ मोड लावला. या मोडमध्ये जिथे दोन्ही चित्रं सारखी तिथे शुद्ध काळं, जिथे फरक तिथे उजेड. पडदा पूर्ण काळा. पण डोळ्याला काळं दिसणं पुरेसं नाही, १६ बिटमधला बारीकसा फरक असा दिसत नाही. म्हणून त्यावर लेव्हल्स टोकाला नेऊन पाहिलं. पानांच्या कडेपाशी, जिथे ब्रश थांबतो, तिथे खास थांबून बघितलं. काळंच.

भाच्याला फोन केला. “तू जानेवारीत विचारलं होतंस ना, यंत्र बंद पडलं तर? दुसरं सुरू करून बघितलंय. फोटो तंतोतंत तोच निघतो.”

“आणि दुसरंही गेलं तर?”

“तोवर टिफ काढून झालेल्या असतील.”

२१ जून

दुसरा मिनी खोक्यात, क्लोनची एसएसडी आणि इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह त्याच्यासोबत. वर्षातून एकदा बाहेर काढून तासभर चालवायचा. बोर्डावरची घड्याळाची सीआर२०३२ बॅटरी तेव्हा बघायची. नेट नसल्यामुळे तारीख आपोआप दुरुस्त होत नाही, ती हाताने लावायची, नाहीतर एक्सपोर्ट केलेल्या फाइलींवर भलतीच तारीख पडते.

टिफचं काम २०११ पर्यंत आलं आहे. पुढचा गठ्ठा २०१२ चा, त्यात ब्रशचं काम सगळ्यात जास्त, म्हणून स्क्रीनशॉटांना वेळ लागेल. त्याआधी भिंतीच्या मालिकेतले तीन फोटो अजून अर्धे आहेत. रीप्रोसेस न करता, जुन्याच पद्धतीवर पुरे करायचे आहेत. पहिला उघडून ठेवला आहे, उजवीकडच्या शेवाळावर बर्न कमी हवं.